टॅमलिन आधी आवडायला हवा

"पहिला भाग जरा रटाळ आहे, कसाबसा ओढ. खरी गंमत दुसऱ्यापासून." सारा जे. मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' ही मालिका वाचायला घेतेय असं कुणाला सांगितलं, की हा सल्ला हमखास मिळतो. कुणी त्याच्याही पुढे जाऊन सांगतं, पहिल्याचा सारांश वाच आणि सरळ दुसराच उघड. मला हा सल्ला अजिबात मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे जरा ऐसपैस सांगायचंय. त्यात कथानक फुटणार आहे, अगदी मुळापासून फुटणार आहे. ज्यांना मालिका कोऱ्या डोळ्यांनी वाचायचीय त्यांनी इथूनच मागे फिरावं, राग नाही.

पहिला भाग आला २०१५ साली. पुढचे दोन २०१६ आणि २०१७ मध्ये, मग २०१८ मध्ये एक छोटेखानी पुस्तक आणि २०२१ मध्ये पुन्हा एक जाडजूड. जादू, शाप, लढाया, कारस्थानं, आणि या सगळ्याच्या मधोमध प्रेम. तेही दोन फुलं एकमेकांवर डोलताना दाखवून कॅमेरा वळवणारं प्रेम नव्हे. हे मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे आणि त्याची लाज लेखिकेला नाही.

ही पुस्तकं माझ्याकडे आली भाचीकडून. तिची पिढी या मालिकांवर पोसलेली, त्यामुळे पुस्तकांबरोबर नियमही आले. "मावशी, गूगल करायचं नाही. इन्स्टावर नाव टाकून शोधायचं नाही. आणि पुढच्या भागाचं मागचं कव्हर हातातला भाग संपल्याशिवाय वाचायचं नाही." मी म्हटलं, अगं, एवढं काय सोवळं? ती म्हणाली, "तू ऐक तर." ऐकलं, आणि बरं झालं ऐकलं. कारण नायिकेचं नाव जरी शोधात टाकलं तरी पहिलं चित्र येतं ते तिचं आणि एका काळे पंखवाल्या माणसाचं, गळ्यात गळे घातलेलं. पहिलं पान उघडायच्या आधीच शेवट हातात. मग पहिल्या भागात जो माणूस तिच्यासाठी बागेतून गुलाब आणतो, त्याच्याकडे बघायचं तरी कशाला?

तर तो गुलाबवाला म्हणजे टॅमलिन.

गोष्ट अशी. फेयरा १९ वर्षांची. बाप खचलेला, दोन मोठ्या बहिणी हातावर हात ठेवून बसलेल्या, आणि घर चालतं ते हिने बर्फात फिरून केलेल्या शिकारीवर. एका लांडग्याला ती ॲश लाकडाच्या बाणाने मारते, आणि तो लांडगा निघतो फे. हे फे म्हणजे आपल्या गोष्टींतल्या पांढऱ्या झग्यातल्या पऱ्या नव्हेत. शेकडो वर्षं जगणारे, देखणे, ताकदवान आणि माणसांना कस्पटासमान लेखणारे. जिवाच्या बदल्यात जीव हवा म्हणून एक अक्राळविक्राळ जनावर झोपडीत घुसतं आणि तिला भिंतीपलीकडच्या प्रिथियन नावाच्या मुलखात नेतं. ते जनावर टॅमलिनच असतो, स्प्रिंग कोर्ट नावाच्या राज्याचा हाय लॉर्ड, म्हणजे तिथला सत्ताधीश. ब्यूटी अँड द बीस्टचा साचा उघड दिसतो आणि लेखिकेला तो दिसायलाच हवा आहे. त्यामुळे आपण निर्धास्त होतो. ही गोष्ट आपल्याला माहीत आहे, प्रेमाने शाप सुटणार, जनावराचा राजकुमार होणार.

टॅमलिनच्या चेहऱ्यावर मुखवटा आहे. शापामुळे ४९ वर्षं चिकटून बसलेला. पुस्तक संपत येईपर्यंत त्याचा पूर्ण चेहरा ना फेयराला दिसतो ना आपल्याला. पहिल्या वाचनात हे सगळं फार रोमँटिक वाटतं.

आणि तो वागतोही किती छान! घरच्यांच्या खाण्यापिण्याची सोय परस्पर लावून देतो. तिला चित्रं काढायची हौस आहे म्हटल्यावर रंग आणून देतो, बंद पडलेलं चित्रांचं दालन तिच्यासाठी साफ करून उघडतो. फेयराला वाचता येत नाही. अक्षरं लावत लावत एखादा शब्द जुळतो, इतकंच. घरी पत्र लिहून सावध करायचं म्हणून ती एकटीच ग्रंथालयात बसते आणि न कळलेले शब्द एका कागदावर उतरवत जाते. तो कागद टॅमलिनच्या हाती लागतो. तो काय करतो, तर तिच्या त्या यादीतले शब्द वापरून चावट वात्रटिका रचतो आणि तिला वाचून दाखवतो. ती आधी लाजेने लाल होते, मग हसते. आपणही हसतो. इतका ताकदवान माणूस, आणि तिच्यासाठी यमकं जुळवत बसला! मला तो प्रसंग मनापासून आवडला होता. मदत करू का, असं त्याने आधी विचारलेलंही असतं, ती नको म्हणालेली असते. बात खतम.

आता हाच प्रसंग दुसरा भाग वाचून झाल्यावर आठवा. बाईला वाचता येत नाही हे त्याला कळलं. तिच्या अडलेल्या शब्दांची यादी त्याच्या हातात होती. त्यातून त्याने विनोद केला. चांगला, प्रेमळ विनोद केला, पण अक्षरं शिकवली नाहीत.

आणि त्याची किंमत ती त्याच पुस्तकात मोजते. शाप देणारी राणी अमरँथा टॅमलिनला आपल्या पाताळदरबारात नेते. त्याला सोडवायला फेयरा तिथे जाते, आणि तिला तीन परीक्षा द्यायच्या असतात. दुसऱ्या परीक्षेत तिला एका खड्ड्यात उतरवतात. भिंतीवर कोडं लिहिलंय, समोर तीन दांडे, योग्य तो ओढायचा. वरून तापलेले खिळे लावलेली जाळी हळूहळू खाली येतेय आणि शेजारच्या बाजूला तिचा मित्र लुशिएन साखळदंडांत जखडलेला. कोडं अवघड नाही. तिला ते वाचता येत नाही. सगळा दरबार वरून बघतोय आणि ही अक्षरं जुळवतेय. या प्रसंगात मी पुस्तक खाली ठेवून पाणी प्यायले होते. अद्भुत कथेत राक्षस, अजगर, जादू कितीही येवो, धडकी भरते ती अशी साध्या गोष्टीने. तिला वाचवतो रीसँड. नाइट कोर्टचा हाय लॉर्ड, तोवर आपल्या लेखी पक्का खलनायक. एका सौद्यात त्याने तिच्या तळहातावर डोळा गोंदलेला असतो. चुकीच्या दांड्याकडे हात गेला की तो डोळा दुखतो.

शेवटी ती जिंकते, मरते, सात हाय लॉर्ड तिला आपापल्या शक्तीचा एकेक थेंब देऊन फे म्हणून जिवंत करतात, मुखवटे गळून पडतात. इथे पुस्तक मिटून ठेवलं तर ती एक पूर्ण झालेली प्रेमकथा आहे. सुखाने नांदू लागले. दुसऱ्या भागाची गरजच नाही.

दुसरा भाग, 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी', उघडतो तेव्हा फेयरा मध्यरात्री संडासात ओकत असते आणि टॅमलिन पलंगावर झोपल्याचं सोंग घेऊन पडलेला असतो.

नांदणं म्हणजे हे. तिच्या डोळ्यांसमोर सारखं रक्त येतं. लग्न ठरलंय, पण झगा, फुलं, पाहुणे सगळं दुसरंच कुणी ठरवतंय. तिला बाहेर पडायचंय, तर बाहेर धोका आहे. तिला कामात हात द्यायचाय, तर तू विश्रांती घे. हाय लॉर्डच्या बायकोला हाय लेडी म्हणतात का, असं विचारते, तर असं काही नसतंच म्हणतो. त्याचा राग एकदा अभ्यासिकेत असा फुटतो की खोलीच उद्ध्वस्त होते, आणि मग तो अगदी खरं खरं रडवेला होऊन माफी मागतो. आणि एक दिवस तो कामावर निघताना घराभोवती जादूचं कडं घालून जातो. दारं उघडी आहेत, खिडक्या उघड्या आहेत, तिला फक्त बाहेर पाऊल टाकता येत नाही.

लेखिकेची हुशारी इथे आहे: टॅमलिन बदललेला नाही. तो पहिल्या पुस्तकातही असाच होता. तेव्हाही त्याने तिला न विचारता परत पाठवलं होतं, तिच्या भल्यासाठी. पाताळात दोघांना कसाबसा एक एकांताचा क्षण मिळतो, तेव्हाही तिला पळवून लावण्याऐवजी त्याने तिला मिठीत घेतलं होतं. सगळं आपल्या डोळ्यांदेखत झालेलं असतं आणि आपण त्याला प्रेम म्हणून मोजलेलं असतं. म्हणून म्हणते, टॅमलिन आधी आवडायला हवा. ज्याने सारांश वाचून दुसरा भाग उघडला, त्याला टॅमलिन पहिल्या पानापासून वाईट नवरा दिसतो. मग फेयरा बावळट वाटते, कळत कसं नाही हिला? क्रमाने आलेल्याला ते विचारायचा अधिकारच उरत नाही. त्यालाही कळलेलं नसतं.

आमच्या ऑफिसात एक बाई होत्या. नवरा रोज सकाळी गाडीने सोडायला यायचा, संध्याकाळी न्यायला यायचा, पावसात छत्री घेऊन दारापर्यंत यायचा. आम्ही सगळ्या म्हणायचो, नशीब काढलंस गं. एकदा डबा खाताना त्या सहज म्हणाल्या, मला इथून स्टेशनला जायचा रस्ता माहीत नाही. कुणीच काही बोललं नाही, विषय लोणच्यावर गेला. दुसरा भाग वाचताना मला त्या आठवत राहिल्या. विशीतल्या वाचकांना टॅमलिनचा राग येतो. माझ्या वयाच्या बायकांना तो ओळखीचा वाटतो, आणि आपण अशा कुणाकुणाचं कौतुक करून ठेवलंय याची उजळणी सुरू होते.

आता रीसँडबद्दल. भाचीला हे आवडणार नाही, पण दुसऱ्या भागात लेखिकेने त्याचं वकीलपत्र घेतलंय. पहिल्या भागात तो फेयराला मंतरलेली दारू पाजून, झिरझिरीत कपड्यांत, अंगावर रंग फासून, दरबारात नाचायला लावतो. दुसऱ्या भागात त्यामागची कारणं येतात: तो तिला वाचवत होता, राणीला संशय येऊ नये म्हणून, टॅमलिनला चेतवण्यासाठी. कारणं पटण्यासारखी आहेत, तरी माझं मन शंभर टक्के राजी झालं नाही. मला पहिलं पुस्तक नीट आठवत होतं, एवढंच त्याचं कारण. टॅमलिनच्या साध्या गोष्टी मागे जाऊन वाईट ठरतात आणि रीसँडच्या वाईट गोष्टी मागे जाऊन चांगल्या ठरतात, हा तोल लेखिकेने फारच सोयीने साधलाय. क्रमाने वाचलं की हे सांधेही दिसतात. मला ते दिसलेले आवडतात.

पण एक गोष्ट मात्र मी रीसँडच्या खात्यावर बिनतक्रार जमा करते. सौद्याप्रमाणे फेयरा महिन्यातला एक आठवडा त्याच्याकडे जाते, आणि पहिल्याच आठवड्यात तो तिच्यासमोर कागद ठेवतो. लिही. गिरवायला वाक्यं काय देतो, तर स्वतःच्याच देखणेपणाची आणि थोरवीची. ती संतापते आणि संतापात अक्षरं शिकते. वात्रटिकाही विनोदच होत्या, हाही विनोदच. फरक एवढाच, की या विनोदानंतर तिला वाचता येतं.

खरं तर आम्ही उशिरा आलेले वाचक क्रमाने वाचतो म्हणजे काय, हाही प्रश्नच आहे. पहिले तिन्ही भाग वर्षावर्षाच्या अंतराने, मे महिन्यात आले. २०१५ मध्ये ज्यांनी पहिला भाग वाचला ते एक अख्खं वर्ष टॅमलिनबरोबर राहिले. त्याची चित्रं काढली, त्याच्यावरून भांडले. त्यांच्यासाठी दुसरा भाग हा एका वर्षाच्या घरोब्यानंतर आलेला होता. मी पहिला भाग रात्री संपवला आणि दुसऱ्या दिवशी डबा भरून झाल्यावर दुसरा उघडला. माझा टॅमलिन एका रात्रीपुरताच नायक होता. तेवढ्या प्रमाणात माझा धक्काही सौम्यच म्हणायचा.

आम्ही लहानपणी क्रमबिम पाळला नाही, हेही सांगायला हवं. वाचनालयात जे पुस्तक परत आलेलं असेल ते घ्यायचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या कुणी पहिलीपासून ओळीने वाचल्या असतील असं वाटत नाही. झुंजार काय, काळा पहाड काय, मधूनच उचलला तरी तोच. नारायण धारपांचे समर्थही तसेच, कुठल्याही पुस्तकात शिरा, ते आधीपासून शांत आणि सर्वज्ञ. ज्या नायकावर मागच्या पुस्तकाचा ओरखडा उमटत नाही, त्याला क्रमाची गरज नसते, आणि त्यात एक वेगळंच सुख असतं हे मी आजही मान्य करीन. फेयराला मात्र पहिल्या पुस्तकाचे ओरखडे पाचव्यापर्यंत पुरतात.

चावट भागांकडे वळू, कारण 'मोठ्यांसाठी' म्हटल्यावर निम्म्या लोकांचं लक्ष तिकडेच लागलेलं असणार. गंमत म्हणजे ही मालिका सुरुवातीला किशोरांच्या कपाटात ठेवली गेली होती. २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं चढवून ती मोठ्यांच्या कपाटात आली. जुन्या मुखपृष्ठांवर नायिका होती, नव्यांवर नुसती चिन्हं आहेत, त्यामुळे लोकलच्या लेडीज डब्यात उघडून बसलं तरी शेजारणीला वाटावं, एखादं इतिहासाचं पुस्तक असेल. तर दुसऱ्या भागाचं पंचावन्नावं प्रकरण या वाचकवर्गात जगप्रसिद्ध आहे. नुसतं 'पंचावन्न' म्हटलं तरी पोरी एकमेकींकडे बघून हसतात. आणि ज्यांना बाकी काही वाचायचं नसतं ते थेट तिथेच उघडतात.

त्यांच्या हातून चोपन्नावं प्रकरण निसटतं. डोंगरातल्या एका लाकडी घरात फेयरा एकटी राहतेय. कित्येक महिने तिने कुंचला धरलेला नाही. तिथे जुने रंग सापडतात आणि ती भिंतींवर, दारांच्या चौकटींवर रंगवत सुटते. रीसँड येतो. फे लोकांत रीत अशी, की बाईने आपल्या जोडीदाराला स्वतःहून खायला दिलं की तिने नातं पत्करलं. ती चुलीवर सूप गरम करायला ठेवते. तो टेबलापाशी बसून आपली सगळी हकीकत सांगतो, पाताळातली पन्नासेक वर्षं, अमरँथाने त्याचं काय केलं, लांडगा मरण्याच्याही आधीपासून त्याला स्वप्नात एक रंगवणारा हात कसा दिसायचा. सगळं बोलून होईपर्यंत सूप तसंच. आणि मग ती ते त्याच्यापुढे ठेवते. जेवायला वाढणं म्हणजे काय हे आपल्याकडच्या बाईला कुणी समजावून सांगायला नको. रोज सक्तीने वाढणारीलाही, आणि एखाद्यालाच मनापासून वाढणारीलाही. त्या भांडंभर सुपाशिवाय पंचावन्नावं प्रकरण म्हणजे निव्वळ कसरत आहे.

मराठीला हा तंटा नवा नाही. १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' छापून आली, अश्लीलतेचा खटला झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६९ मध्ये काकोडकर निर्दोष ठरले. त्या काळात काकोडकरांची पुस्तकं उशीखाली ठेवून वाचणाऱ्यांची संख्या मोठी होती, कबूल करणारे थोडे. आज माझी भाची भर हॉलमध्ये आजीसमोर हे वाचते. आजी विचारते, काय गं एवढं जाड? ती म्हणते, "पऱ्यांची गोष्ट आहे, आजी." खोटं नाहीच ते.

चौथं छोटं पुस्तक गाळावं असं बरेच जण सांगतात. त्यात काही घडत नाही, हे खरं. हिवाळी सण, भेटवस्तू, बर्फातली मारामारी. मलाही पहिली पन्नास पानं जांभया आल्या. पण त्यात नेस्टा आहे. नेस्टा ही फेयराची मोठी बहीण, पहिल्या पुस्तकात हातावर हात ठेवून बसलेली, जिच्या तोंडून गोड शब्द निघत नाही अशी. युद्धात बाप डोळ्यांसमोर गेल्यावर ती दारूच्या गुत्त्यांत रात्री काढतेय, आणि सणाला सगळ्यांबरोबर बसायला येते ती घरभाड्याचे पैसे मिळतील म्हणून. दोन-तीनच प्रसंग आहेत. पाचवं पुस्तक, 'अ कोर्ट ऑफ सिल्व्हर फ्लेम्स', उभं आहे ते याच्यावर.

त्या पुस्तकात नायिका नेस्टा. फेयराची गोष्ट 'मी'ने सांगितलेली होती, ही 'ती'ने सांगितलेली आहे, जणू नेस्टा स्वतःबद्दल बोलायलाच तयार नाही. तिला डोंगरावरच्या एका घरात आणून ठेवतात, तिथून शहरात उतरायला १०,००० पायऱ्या. पळून जायचं तर जा, पायऱ्या उतर. ती उतरायला लागते, पाय लटपटतात, परत चढते. पुन्हा दुसऱ्या दिवशी. त्या घरात जीव आहे, आणि ते घर तिला दारू देत नाही, पण मागितल्यावर पुस्तकं देतं. कुठली, तर प्रेमाचीच, चावटच. ग्रंथालयात काम करणारी ग्वीन आणि दुकान चालवणारी एमेरी यांच्याशी तिची मैत्री जमते तीही याच पुस्तकांच्या देवाणघेवाणीवर. लेखिकेने आपल्या वाचकांना हळूच डोळा मारलाय इथे. पण हे सगळं फळतं ते चार पुस्तकं नेस्टाचा राग करून आलेल्यालाच. माझं पाचव्याच्या निम्म्यापर्यंत तिच्याशी पटत नव्हतं. पायऱ्यांवर पटलं. मला आजही अख्ख्या मालिकेत तीच सगळ्यात जवळची वाटते, फेयरापेक्षाही, आणि रीसँड या पुस्तकात तिच्याशी ज्या तोऱ्याने वागतो त्याबद्दल मी त्याला माफ केलेलं नाही.

इथवर क्रम सरळ आहे: जसं छापलं तसं वाचा. मास बाईंची दुसरी मालिका, 'थ्रोन ऑफ ग्लास', तिथे मात्र वाचकांत तट पडलेत. ती २०१२ मध्ये सुरू झाली, लेखिकेने ती सोळाव्या वर्षी नेटवर लिहायला घेतली होती. सिंड्रेला नाचाला आली ती राजपुत्राला मारायलाच, तर? अशी कल्पना. तिची नायिका सेलेना ही पैसे घेऊन माणसं मारणारी. तिच्या आधीच्या आयुष्याच्या पाच लघुकथा 'द असॅसिन्स ब्लेड' नावाने २०१४ मध्ये एकत्र आल्या. त्या पहिल्या वाचायच्या, की तिसऱ्या भागानंतर? त्यात सॅम नावाचा मुलगा आहे. मालिका सुरू होते तेव्हा सॅम जिवंत नाही.

भाचीने लघुकथा आधी वाचल्या, तरी मला तिसऱ्या भागानंतर वाचायला लावल्या. प्रयोग म्हणून, आणि तो उंदीर मी. वाचून झाल्यावर आमचा फोन.

"मावशी, म्हणजे तो मरणार हे तुला आधीपासून ठाऊक होतं. तू रडलीस तरी का?"

"रडले की. पण तू शेवटी रडलीस, मी सुरुवातीलाच. तो नुसता जिन्यावरून वर आला आणि हसला, तिथे."

"ते काही खरं नाही. मी पहिल्या भागात त्याचं नुसतं नाव आलं तरी रडले होते."

या वादाचा निकाल लागलेला नाही. मला अजूनही वाटतं, की सेलेना पहिल्या भागात सॅमचा विषय जिवाच्या आकांताने टाळत असते, तर आपणही तिच्याहून जास्त माहीत असलेले असू नये. भाचीचं म्हणणं, की तो विषय टाळतेय हे कळायला तरी सॅम माहीत हवा. तिचंही चूक नाही.

त्याच मालिकेत एक प्रकार आहे जो मला मुळीच रुचत नाही. पाचव्या भागाच्या शेवटी नायिका लोखंडी पेटीत बंद होते, आणि सहावा भाग तिला तिथेच ठेवून दुसऱ्या खंडात, दुसऱ्या माणसाची गोष्ट सांगायला निघून जातो. दोन्हींचा काळ एकच. मग उत्साही लोकांनी तक्ते केलेत: पाचव्याची इतकी प्रकरणं, मग सहाव्याची इतकी, दोन पुस्तकं दोन हातांत, दोन रंगांच्या खुणा. सोय म्हणून ठीक आहे. पण पेटीचं झाकण लागल्यावर सहाशेच्या वर पानं तिची काहीही खबर न लागणं, हा जाच लेखिकेने मुद्दाम दिलाय. आणि तिथे दूरदेशी काय चाललंय, तर शहाणी माणसं औषधपाणी करतायत! मला त्या सहाव्या भागाचा इतका राग आला, की शेवटी तो मला आवडला. त्यातली वैद्य मुलगी यरीन आधीच्या लघुकथांत एका खानावळीत भेटलेली असते, आणि ती ओळख पटते तेव्हा राग थोडा निवतो.

आणि याच मालिकेच्या शेवटच्या भागात, २०१८ मध्ये, नायिका जगांच्या मधून कोसळत जाते. एकामागून एक जगं झरझर सरकतात, त्यातल्या एकात एक पंखवाला पुरुष आणि त्याच्याशेजारी गरोदर बाई दिसते. नावं नाहीत. काही ओळी, की पुढचं जग. ती जोडी म्हणजे रीसँड आणि फेयरा. फेयराच्या गरोदरपणाची गोष्ट छापली गेली २०२१ मध्ये! मी ते पान दोनदा वाचलं आणि भाचीला मेसेज टाकला, तिचं उत्तर आलं, नुसती हसण्याची चित्रं.

तिसरी मालिका, 'क्रेसंट सिटी', २०२० मध्ये सुरू झाली. मोबाइल, टॅक्स्या, नाइट क्लब असलेलं जादूचं शहर, आणि ब्राइस क्विन्लन नावाची अर्धी फे मुलगी. पहिल्या भागाची सुरुवात नावांच्या, खात्यांच्या, पदांच्या चिखलात रुतते. तिथे मात्र 'कसाबसा ओढ' हा सल्ला मीही देईन. दुसऱ्या भागाच्या अखेरीस ब्राइस एका फटीतून भलत्याच जगात पडते. समोर सावल्यांनी वेढलेला, पंख असलेला, कमरेला खंजीर लावलेला एक माणूस. ती घाबरलेली. आपण मात्र त्याला खंजिरावरूनच ओळखलेलं असतं. इतकी पुस्तकं नायिकेबरोबर अंधारात चाचपडलो आणि इथे पहिल्यांदा आपल्याला तिच्यापेक्षा जास्त माहीत असतं. मग दुसरा एकजण येतो, आपलं नाव सांगतो, रीसँड, आणि पुस्तक संपतं.

२०२४ च्या तिसऱ्या भागात या भेटीचं जे केलंय त्यावर पुष्कळ वाचक रुसले, मीही. एवढी आतषबाजी दाखवून शेवटी थोडीशीच प्रकरणं, आणि तीही बहुतेक भुयारांत. पण ब्राइसबरोबर त्या भुयारांतून चालायला ॲझ्रिएलसोबत, म्हणजे त्या खंजीरवाल्यासोबत, नेस्टा असते. ब्राइसला ती तुसडी, संशयी, तलवार घेतलेली एक बाई वाटते. क्रेसंट सिटी सुटी उचलून वाचणाऱ्यालाही तशीच वाटणार. माझी भाची या बाबतीत फार कडक आहे. मैत्रिणीने तो भाग मागितला तेव्हा हिने तिला आधी नेस्टाचं पुस्तक दिलं, आणि मैत्रीण कुरकुरली तेव्हा त्याच्याही आधीची चार.